आउट ऑफ द पार्क: पिट्सबर्गचं बजेट मायनसमध्ये गेलंय, कॉन्ट्रॅक्टचं काय करू?

सातपूर_सेकंड_शिफ्ट:

राम राम मंडळी. नाशिकमधले चार-पाच जण बेसबॉल सिम, म्हणजे कॉम्प्युटरवर टीम चालवायचा गेम, खेळतात हे मागे इथेच कळलं होतं, म्हणून इथेच विचारतो. मी आउट ऑफ द पार्क या गेममध्ये पिट्सबर्ग घेतलीये. कारण एवढंच की २००८ ला आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकवाल्या पोरांना पिचर म्हणून करारावर घेणारी हीच टीम, तेव्हापासून नाव डोक्यात बसलेलं. टीम छोट्या मार्केटची आहे, खऱ्यातसुद्धा १९९३ ते २०१२ सलग २० सीझन त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते, ते माहीत असूनच घेतली.

आता प्रॉब्लेम सांगतो. पहिल्या सीझननंतर मालकाने बजेट वाढवलं आणि मी त्याच हिवाळ्यात दोन मोठे फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले प्लेयर) उचलले. एक फर्स्ट बेसमन, वय ३१, सहा वर्षं, वर्षाला २१ मिलियन डॉलर. दुसरा स्टार्टिंग पिचर, वय ३२, पाच वर्षं, वर्षाला १७ आणि शेवटचं वर्ष प्लेयर ऑप्शन, म्हणजे राहायचं की नाही ते प्लेयर ठरवणार. दुसऱ्या सीझनला ९४ मॅच जिंकलो, प्लेऑफला गेलो, लय भारी वाटलं. तिसऱ्याला ८३. आणि आत्ता चौथा सीझन संपला तर ७१ विजय ९१ पराभव, फर्स्ट बेसमनचं पॉवर रेटिंग ७० वरून ४५ वर आलं, होमरन ३३ वरून १४, बॅटिंग ॲव्हरेज .२२१, आणि त्याची अजून तीन वर्षं बाकी आहेत म्हणजे ६३ मिलियन. पिचरची दोन वर्षं, ३४ मिलियन.

मालकाने बजेट १६२ वरून १४८ वर आणलंय. पुढच्या वर्षाचे पक्के करार ७२, आर्बिट्रेशनला (मिनिमम पगाराची पहिली वर्षं संपून पगार दरवर्षी नव्याने ठरतो तो टप्पा) आलेल्या सहा पोरांचा अंदाज ३१, मिनिमम पगारवाले १३, आणि स्काउटिंग, डेव्हलपमेंट, स्टाफ, ड्राफ्ट सगळं धरून ३५. बेरीज १५१. म्हणजे एक्स्टेंशनसाठी, करार वाढवायला, उपलब्ध रक्कम उणे ३ दाखवतंय आणि माझा शॉर्टस्टॉप, २५ वर्षांचा, टीममधला सगळ्यात चांगला प्लेयर, आर्बिट्रेशनच्या दुसऱ्या वर्षात जाणार, एजंट सात वर्षांचे १५४ मिलियन मागतोय. त्याला सोडायची माझी अजिबात इच्छा नाही. डेव्हलपमेंटचं बजेट अर्धं करून त्याला पैसे काढावे असं मनात आहे, बरोबर होईल का? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज, काल रात्री दोन वाजेपर्यंत हाच स्क्रीन बघत बसलो होतो.

पंचवटी_पिचर:

भावा, आधी एक दिवसही सिम करू नको म्हणजे गेम पुढे सरकवू नको, सेव्हची कॉपी काढून ठेव. मग टीमच्या सॅलरी पेजवर जा आणि या वर्षाचा कॉलम सोडून पुढचे चार कॉलम वाच. आपण सगळे तिथेच चुकतो, उपलब्ध रक्कम ३८ दिसली की ३८ चे दोन आणतो, पण ती ३८ तीन वर्षांनी कुणाची आहे ते बघत नाही. तू ज्या हिवाळ्यात ते दोघं घेतलेस त्याच हिवाळ्यात तुझी ही सहा पोरं मिनिमम पगारावर खेळत होती. ती तीन वर्षांनी आर्बिट्रेशनला येणार हे त्या दिवशीसुद्धा दिसत होतं. स्वस्त पोरांमुळे जे पैसे मोकळे दिसतात ते खरं तर त्याच पोरांचे पुढचे पगार असतात.

दुसरं म्हणजे प्लेयर ऑप्शन. ते वर्ष कधीच 'कदाचित' म्हणून धरायचं नाही. प्लेयर चांगला खेळला तर तो ऑप्शन नाकारून बाजारात जातो, पडला तर गुपचूप १७ मिलियन घेऊन बसतो. म्हणजे चांगला असेल तर तुझ्या हातातून जातो आणि वाईट असेल तर तुझ्याच गळ्यात राहतो. टीम ऑप्शन याच्या बरोबर उलटं, ते मात्र मिळेल तिथे माग. मी तर सहावं-सातवं वर्ष द्यायचंच असेल तर टीम ऑप्शन आणि छोटा बायआउट (ते वर्ष नको असेल तर द्यायची रक्कम) याशिवाय देतच नाही, एजंट थोडा कुरकुर करतो, पहिल्या वर्षात अर्धा मिलियन वाढव, बऱ्याचदा मान्य करतो.

आता तुझं. आर्बिट्रेशनवाल्या सहामध्ये क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगला येऊन मॅच संपवणारा पिचर, आहे का? असेल तर तो शेवटच्या म्हणजे तिसऱ्या वर्षाचा असेल तर आजच्या आज ट्रेडला लाव. छोट्या टीमला सीझनभरातल्या ६० इनिंगसाठी एवढा पगार परवडत नाही, ते काम मायनर म्हणजे खालच्या लीगमधून वर आलेला जोरात टाकणारा पोरगा करतो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:

हो दादा, क्लोजर तिसऱ्या वर्षाचाच, ७.५ चा अंदाज आहे. पण सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात, फॅन्समध्ये पॉप्युलर आहे, म्हणून हात लावला नव्हता.

निफाडचा_बागाईतदार:

तुमच्या मूळ प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते वाचून राहवलं नाही. डेव्हलपमेंटचा पैसा कापू नका. आमच्याकडे एप्रिलला द्राक्षाची खरड छाटणी असते. तेव्हा वेलीवर एक घड नसतो, ऊन रणरणतं असतं, पाणी कमी असतं आणि तरी खत, मजूर, औषध सगळं करावंच लागतं. नवा माणूस म्हणतो फळ तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणार, आत्ता कशाला खर्च. पण पुढच्या हंगामाचा घड त्या एप्रिलनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत काडीच्या डोळ्यात आतल्या आत तयार होत असतो, डोळ्याला दिसत नाही. तिथे हात आखडला की ऑक्टोबरला कितीही ओता, काडीवर नुसती पानं. या गेममधलं डेव्हलपमेंट बजेट तसंच आहे. कापलं त्या वर्षी काही दिसत नाही, तीन वर्षांनी मायनरमध्ये वर आणायला पोरगाच नसतो, मग पुन्हा ३१ वर्षांचा फ्री एजंट, पुन्हा २१ मिलियन. तुमच्या टीमला तर स्वस्त पोरं हाच एक आधार आहे.

आणि क्लोजरचं. माझा एक क्लोजर होता, मिलवॉकीकडून खेळत होतो, २९ वर्षांचा, जुलैमध्ये त्याच्या बदल्यात दोन चांगले प्रॉस्पेक्ट म्हणजे होतकरू पोरं मिळत होती. मी म्हटलं अजून दोन आठवडे थांबू, भाव चढतोय. घरातही तसंच केलेलं एकदा, उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवला, लासलगावला भाव वाढतोय वाढतोय म्हणून थांबलो, ऑगस्टमध्ये चाळ उघडली तर खालचा थर काळा पडून पाणी सुटलेलं आणि वरच्याला कोंब आलेले. वास आठवतो अजून. इकडे क्लोजरचा खांदा गेला २६ जुलैला, १४ महिने बाहेर. प्रॉस्पेक्ट तर गेलेच, पुढच्या वर्षाचा पगारही मलाच भरावा लागला. पिचर म्हणजे चाळीतला माल आहे. भाव मिळतोय त्या दिवशी काढायचा.

पहाटे_साडेचार:

काकांच्या डेव्हलपमेंटवाल्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन, पण पॉप्युलर प्लेयर काढताना थोडं जपून. पॉप्युलर माणूस गेला की फॅन इंटरेस्ट पडतो, इंटरेस्ट पडला की तिकीट आणि मर्चंडाइजचं उत्पन्न पडतं आणि मालक पुढच्या वर्षी बजेट अजून खाली आणतो. ७१ विजयांनंतर इंटरेस्ट आधीच पडलेला असणार. म्हणून एकाच हिवाळ्यात क्लोजर आणि शॉर्टस्टॉप दोन्ही घालवू नको. क्लोजर घालवायचा तर शॉर्टस्टॉपचं एक्स्टेंशन त्याच महिन्यात कर.

खऱ्या एमएलबीतली म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली दोन-तीन उदाहरणं देतो, कारण गेममधले नियम तिथूनच घेतलेत आणि ते कळले की गेम सोपा होतो. बाल्टिमोरने २०१६ ला ख्रिस डेव्हिस नावाच्या फर्स्ट बेसमनला सात वर्षांचे १६१ मिलियन दिले, तेव्हा तो २९ चा होता, आदल्या सीझनला ४७ होमरन. २०१८ ला त्याचं ॲव्हरेज .१६८ झालं, आणि २०१८-१९ मिळून सलग ५४ ॲट-बॅट म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या एकही हिट नाही. २०२१ ला तो रिटायर झाला. तुझा फर्स्ट बेसमन ३१ चा होता. फर्स्ट बेसवर मोठा बॅटर हा वयाबरोबर सगळ्यात आधी पडणारा प्रकार आहे, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं, बॅट संपली की पायही नाहीत आणि ग्लव्हही नाही.

आता उलट उदाहरण. टँपा बे, २००८, इव्हान लाँगोरिया. पोरगा मेजरमध्ये येऊन आठवडाही झाला नव्हता आणि त्यांनी त्याच्याशी सहा वर्षांचा १७.५ मिलियनचा करार केला, वर टीम ऑप्शन. पोराला आयुष्यभराची खात्री मिळाली, टीमला आर्बिट्रेशनची वर्षं स्वस्तात मिळाली. त्याच सीझनला तो रुकी ऑफ द इयर (वर्षातला सगळ्यात चांगला नवखा) झाला आणि टँपा वर्ल्ड सिरीजला म्हणजे फायनलला गेली. छोट्या टीमने पैसे खर्च करायचे ते इथे. २३-२४ वर्षांच्या पोरावर, तो महाग व्हायच्या आधी. तुझा सेंटर फील्डर कितव्या वर्षात आहे? तो जर आत्ता पहिल्या आर्बिट्रेशनला येत असेल तर शॉर्टस्टॉपइतकंच त्याच्याकडेही बघ, पुढच्या वर्षी तो पण १५० मागेल.

सर्व्हिस टाइमचं म्हणजे मेजरमध्ये भरलेल्या दिवसांचं पण लिहितो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेजरमध्ये १७२ दिवस म्हणजे एक वर्ष धरतात, सीझन त्यापेक्षा साधारण दोन आठवडे लांब असतो. तीन वर्षं झाली की आर्बिट्रेशन, सहा झाली की फ्री एजंट. शिकागो कब्सनी २०१५ ला क्रिस ब्रायंटला सीझन सुरू झाल्यावर १७ एप्रिलला वर आणलं, त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी. त्या एका दिवसाने टीमला त्याचं अख्खं एक वर्ष जास्त मिळालं. त्याने तक्रार केली, २०२० ला निकाल टीमच्या बाजूने लागला. खऱ्यात मला हे पटत नाही, पोराच्या पोटावर पाय आहे तो, आणि लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या २०२२ च्या करारात रुकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनात आलेल्याला पूर्ण वर्ष द्यायचा नियम आणला ते चांगलं केलं. पण गेममध्ये पिट्सबर्ग चालवताना कुणाला कधी वर आणायचं हे कॅलेंडर बघूनच ठरव.

लक्झरी टॅक्सची, म्हणजे टीमचे पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की लागणाऱ्या कराची, काळजी तुला नाही, २०२५ ला ती मर्यादा २४१ मिलियन होती, आपण त्या गावाला जातच नाही.

ताळेबंद:

मी अकाउंटिंगची प्रॅक्टिस करते, कॉलेज रोडला, आणि हा गेम सात वर्षं खेळतेय, म्हणून हिशेबाच्या बाजूने लिहिते.

पहिलं, फर्स्ट बेसमनचे ६३ मिलियन गेले. त्याला खेळवलं तरी गेले, बाकावर बसवलं तरी गेले, रिलीज केलं तरी तेवढेच भरायचे. मी पाहिलंय, लोक काय करतात, एवढा पगार देतोय तर खेळवायलाच पाहिजे म्हणून रोज चौथ्या नंबरला .२२१ वाला पाठवतात, म्हणजे पैसे तर गेलेच वरून मॅचपण जातात. दुकानात न खपलेला माल पुढच्या मांडणीवर ठेवल्याने खपत नाही, नव्या मालाची जागा जाते. त्याला डाव्या पिचरसमोर किंवा पिंच हिटर (ऐन वेळी दुसऱ्याच्या जागी पाठवायचा बॅटर) म्हणून वापर, बाकी दिवस ट्रिपल ए, म्हणजे मायनरमधल्या सगळ्यात वरच्या पायरीवरचा पोरगा खेळव. निर्णय घेताना तो २१ चा आकडा वहीतून खोडायचा नाही, पण त्याकडे बघून बॅटिंग ऑर्डर लावायची नाही.

पिचरचं वेगळं आहे. ३५ वर्षांचा असला तरी इनिंग टाकत असेल तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. ट्रेड स्क्रीनवर त्याचा अर्धा पगार आपण ठेवायचा, म्हणजे ८.५. समोरच्याला १७ चा पिचर ८.५ ला मिळतो. बदल्यात मोठा प्रॉस्पेक्ट मागू नकोस, पगारातून सुटका हाच तुझा मोबदला. क्लोजरचे ७.५ आणि हे ८.५, झाले १६. उणे ३ चे अधिक १३ झाले आणि डेव्हलपमेंटला हात लावला नाही.

आता शॉर्टस्टॉप. एजंट सात वर्षांचे १५४ मागतोय म्हणजे सरासरी २२. पण त्याच्या पुढच्या दोन वर्षांवर तर तसाही तुझाच हक्क आहे, आर्बिट्रेशनची दोन वर्षं बाकी आहेत, त्या दोन वर्षांचे २२-२२ कुणीच देत नाही. तिथे तू ९-१० आणि १२ धर. मग फ्री एजन्सीची वर्षं विकत घे, तीन, फार तर चार. आणि वर्षाचे आकडे एकसारखे ठेवू नकोस, गेममध्ये प्रत्येक वर्षाचा पगार वेगळा टाकता येतो, ते फार थोडे लोक वापरतात. तुझा पिचर दोन वर्षांनी सुटतो, फर्स्ट बेसमन तीन वर्षांनी. म्हणजे तुझ्यावरचे हप्ते जिथे संपतात तिथून शॉर्टस्टॉपचा पगार चढू दे. पहिली दोन वर्षं हलकी, तिसरं मधलं, चौथं-पाचवं जड. एरवी मी पुढे ढकललेल्या पगाराच्या विरोधात असते, पण इथे चालेल कारण पाचव्या वर्षी तो ३० चाच असेल, उतार लागायच्या आधी तुझा जड भाग संपतो. हेच ३१ वर्षांच्या माणसाला केलं तर सगळ्यात जड पगार सगळ्यात कमजोर वर्षाला येतो.

पुढे ढकलण्याची किंमत काय असते त्याचं बेसबॉलमधलंच उदाहरण, न्यूयॉर्क मेट्सला बॉबी बोनिया या खेळाडूचे ५.९ मिलियन द्यायचे होते ते न देता त्यांनी ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले. २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला ११,९३,२४८ डॉलर २० सेंट जातात, २५ वर्षं. सगळे मिळून जवळपास २९.८ मिलियन. व्याज धरलं तर हिशेब चुकीचा नाही, पण ढकललेला पैसा नाहीसा होत नाही हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मी आर्टिकलशिपच्या मुलांनाही देत नाही.

पंचवटी_पिचर:

ताईंनी सगळं सांगितलं. एकच जोडतो, एजंटशी बोलायच्या आधी प्लेयरची पर्सनॅलिटी बघ. लॉयल्टी जास्त असेल तर पटकन बसतो. ग्रीड जास्त आणि जिंकायची हाव जास्त असेल तर ७१ विजयांच्या टीमला तो ऐकणार नाही, मग त्याचं मोराल म्हणजे मूड सुधारेपर्यंत थांबून मे महिन्यात बोल. आणि ऑफर देताना एकदम खालून नको सुरू करू, तीनदा नाराज झाला की बोलणं बंद करतो.

निफाडचा_बागाईतदार:

ताई, चढत्या पगाराला माझा थोडा विरोध आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी बजेट १४८ च राहील याची खात्री कोण देणार. द्राक्षाचा व्यापारी पण बागेत येऊन सौदा मोठा करतो, ॲडव्हान्स थोडा देतो आणि बाकी माल गेल्यावर. त्या 'नंतर'वर मी अख्खा हंगाम काढलाय एकदा, आता मी जे हातात आहे त्यावरच खर्च ठरवतो. मी तर उलटं करतो, मोकळे पैसे असतील त्या वर्षी जास्त देतो आणि पुढची वर्षं हलकी ठेवतो.

ताळेबंद:

काका, तुमचं म्हणणं मोकळे पैसे असतील तेव्हा अगदी बरोबर, मी पण तेच करते. पण याच्याकडे या वर्षी १३ च आहेत आणि त्यातून २६ जणांचा रोस्टरही भरायचाय, कुणी जखमी झालं तर जुलैत माणूस आणायला चार-पाच हाताशी लागतात. पहिल्याच वर्षी २० दिले तर बाकी टीम कशाची लावणार? म्हणून चढता, पण शेवटचं वर्ष टीम ऑप्शन. बजेट घसरलंच तर सुटायची एक खिडकी राहते.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री एकेक करून सगळं केलं, काय झालं ते लिहितो.

आधी पिचर. सगळ्या टीमना विचारलं, अर्धा पगार ठेवून दोन टीम तयार झाल्या, एकीने २२ वर्षांचा डावखुरा रिलीव्हर दिला, फार मोठा नाही पण मिनिमम पगारावर आहे. मग क्लोजर. इथे मात्र हात थरथरला खरं सांगतो, चार सीझन त्याला नवव्या इनिंगला आणलंय, पण काकांची चाळ डोळ्यासमोर आली. त्याच्या बदल्यात ट्रिपल ए मधला थर्ड बेसमन आणि डबल ए मधला कॅचर मिळाला. बातमी आल्या आल्या फॅन इंटरेस्ट तीन अंकांनी पडला.

लगेच शॉर्टस्टॉपशी बोलायला गेलो. लॉयल्टी नॉर्मल, ग्रीड नॉर्मल, जिंकायची इच्छा जास्त. ताईंनी सांगितलं तसं पहिली ऑफर ९, १२, १८, २४, २४ आणि सहावं वर्ष २५ चं टीम ऑप्शन. नाही म्हणाला पण नाराज झाला नाही. दुसरी १०, १२, १९, २४, २५, सहावं २६ चं टीम ऑप्शन, २ चा बायआउट. दोन दिवस सिम केले, पोटात गोळा आलेला, तिसऱ्या दिवशी मेल आला, सही झाली! पाच वर्षांचे ९०, बायआउट धरून पक्के ९२. सात वर्षांचे १५४ कुठे आणि हे ९२ कुठे. मी घरात एकटाच ओरडलो, आई उठून आली काय झालं विचारायला.

डेव्हलपमेंटला हात लावला नाही काका. उलट नवीन थर्ड बेसमन आल्यामुळे जुना ४ चा आर्बिट्रेशनवाला पण सोडता येईल असं वाटतंय, ते पुढच्या आठवड्यात बघतो.

पहाटे_साडेचार दादा, सेंटर फील्डर पहिल्याच आर्बिट्रेशनला आहे, वय २४, अंदाज ५. फिल्डिंग ७० पण बॅट अजून ४५ च. त्याला आत्ताच पाच वर्षं देऊ का बॅट वर येते का ते बघू?

पहाटे_साडेचार:

डिसिप्लिन म्हणजे आय रेटिंग (वाईट चेंडू सोडून द्यायची नजर) किती आहे आणि पोटेन्शियल काय दाखवतंय ते टाक. आय ५५ च्या वर असेल तर आत्ताच दे, फिल्डिंगच्या जोरावर तो ३० पर्यंत टीममध्ये जागा राखेल आणि ४५ ची बॅट असतानाच तो स्वस्त आहे. ५० च्या खाली असेल तर एक वर्ष थांब, ५ मिलियनमध्ये काही बिघडत नाही. स्काउटचा रिपोर्ट जुना असेल तर आधी नवीन मागव.

सातपूर_सेकंड_शिफ्ट:

आय ५५, पोटेन्शियल ६०. रिपोर्ट गेल्या मे महिन्यातला आहे. नवीन मागवला, १० दिवस लागतील म्हणतोय. आज शिफ्ट सुटल्यावर सिम करतो आणि टाकतो इथे.